आबाचा सालदार

आमच्या घरात नवीन वस्तूचं कव्हर काढत नाहीत. टीव्हीचा रिमोट अजून प्लास्टिकच्या पिशवीत आहे, वरून रबर लावलेला. मिक्सरला मम्मीने जुन्या परकराचा झगा शिवलाय. पप्पांच्या स्कूटीची सीट शोरूममधून आली तशीच प्लास्टिकमध्ये आहे. उन्हाळ्यात तिच्यावरून उठलं की ‘चर्रर्र’ असा आवाज येतो आणि तो आवाज मला हुबेहूब काढता येतो.

आवाज मला बरेच काढता येतात. एसटीचा कंडक्टर, लाइट गेल्यावर फोन न उचलणारा वायरमन, आमच्या शाळेचे मुख्याध्यापक, भंगारवाला, लग्नात जेवणाला नावं ठेवणारे काका. धुळ्यात कुठे हळद असली, गॅदरिंग असलं की मला माइक देतात आणि मी सुटतो. पप्पांचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. गिऱ्हाईक आलं की पप्पा म्हणतात, “हाऊ मना पोऱ्या, बठ्ठास्ना आवाज काढस. फक्त कामना आवाज निंघत नही.”

तर अशा घरात आबा आला.

आबा म्हणजे सरडा. साधा कुंपणावरचा नाही, बिअर्डेड ड्रॅगन. हातभर लांब, वाळवंटाच्या रंगाचा, गळ्याखाली काट्यांची दाढी. तो माझ्या मावसभावाचा. मावसभाऊ पुण्याला शिकायला होता, तिथे त्याने रीतसर नोंद वगैरे करून पाळलेला. मग त्याला बंगळुरूला नोकरी लागली आणि तिथला घरमालक म्हणाला, मांजरसुद्धा चालणार नाही. दिवाळीत तो लाकडी कपाटासकट सरडा घेऊन आमच्या दारात उभा. कपाटाला पुढून सरकती काच, वरून जाळी, जाळीवर एक गरम बल्ब आणि एक लांब ट्यूब.

“दोन दिवे कसाले?” मम्मीने विचारलं. मम्मी साक्रीकडची. रागावली, लाडात आली किंवा घाबरली, की तिची अहिराणी सुटते. त्या दिवशी तिन्ही होतं.

“मावशी, बल्ब उबेसाठी. ट्यूब यूव्हीबीसाठी. म्हणजे उन्हातला तो जो भाग असतो ना, ज्याने हाडं बळकट होतात, तो. ट्यूब नसली तर खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागत नाही.”

मम्मी दाराबाहेर बघून म्हणाली, “धुयामा ऊन इकत लेवानं?”

मावसभाऊ हसला आणि गेला. जाताना म्हणाला, “ट्यूब अधूनमधून बदलत राहा भो.” अधूनमधून म्हणजे कधी, हे त्याने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

आबा हे नाव मम्मीनेच पाडलं. पहिले आठ-दहा दिवस ती त्या खोलीत पाऊल टाकत नव्हती. मग एकदा दारातून डोकावली तर हा दगडावर बसून, दाढी फुगवून, एक डोळा अर्धा मिटून तिच्याकडे बघतोय. “माय वं! पारवरना आबा बठेल शे जसा,” म्हणाली, आणि संपलं. त्यानंतर गिलक्याचे बारीक तुकडे करून आबाला देणं हे तिचं काम झालं. माझ्या ताटात गिलकं आलं की जाड फोड, आबाच्या वाटीत बारीक.

आणि आबा मला का आवडला, तर तो दाद द्यायचा. बिअर्डेड ड्रॅगनची एक सवय असते. समोर कोणी आलं की तो मान वर-खाली हलवतो, जोरजोरात, “हो हो हो हो” केल्यासारखी. मी त्याच्यासमोर नव्या आवाजाची प्रॅक्टिस करायचो. मुख्याध्यापक काढले की मान हलायची. वायरमन काढला की मान हलायची, दाढी काळी व्हायची, आणि कधी कधी तो एक पुढचा पाय उचलून हवेत गोल फिरवायचा. पब्लिकमधून हात वर करतात तसा. धुळ्यातल्या कुठल्या हळदीत मला एवढा रिस्पॉन्स मिळाला नव्हता.

उन्हाळाभर ठीक चाललं. निदान वाटत होतं ठीक. आषाढात ढग आले आणि आठवडाच्या आठवडा सूर्य दिसेना. एकदा मी कंडक्टर काढला. आबाने मान हलवली नाही. मला वाटलं, आवाज जमला नाही. पुन्हा काढला. त्याने पाय उचलायचा प्रयत्न केला आणि पायाची बोटं थरथरायला लागली. दगडावर चढताना मागचे पाय मागेच राहिले, पोट घासत पुढे आला. मी पुढचा आवाज अर्ध्यात सोडला.

रात्री पप्पा दुकानातून आले. मी म्हटलं, “पप्पा, त्याची ट्यूब बघा ना, बिघडली वाटतं.”

पप्पांनी कपाटासमोर उकिडवं बसून वर बघितलं. “चालू शे ना.”

“चालू आहे, पण...”

“चालू शे म्हंजे चालू शे. झपकस नही, काया पडेल नही, चोक गरम नही. जयेल ट्यूब दाखव, मी आते बदली देस.” जळालेली दाखवू कुठून? पप्पांच्या दुकानात जळाल्याशिवाय काहीच टाकत नाहीत. जळाल्यावरही तांबं काढून ठेवतात.

धुळ्यातल्या डॉक्टरांनी सरडा बघायला नकार दिला. एकाने तर स्टुलावरून उतरायलाही नकार दिला. मग कळलं की जळगावला एक डॉक्टर आहेत, जनावरांचेच, पण कुत्रा, पोपट, कासव, काहीही आणलं तरी नाही म्हणत नाहीत. मम्मीने पोळ्यांची दुरडी दिली, खाली तिची जुनी सुती साडी अंथरली, वर पंचा बांधला. आम्ही दोघं, मी आणि आबा, एसटीत बसलो.

पारोळ्याच्या अलीकडे कंडक्टर आला. “दुरडीत काय शे?”

“सरडा.”

“कोंबडी ऱ्हायनी तं अर्धं तिकीट पडी.”

“कोंबडी नाही भाऊ, खरंच सरडा आहे. आजारी आहे.”

त्याने पंचाचं टोक उचललं. आबाने आत दाढी फुगवली. कंडक्टरने टोक हळूच परत ठेवलं, नीट दाबलं, आणि हातातल्या मशीनकडे बघत राहिला. मग ड्रायव्हरला ओरडला, “मशीनमा सरडा नही शे हो!” ड्रायव्हर मागे न बघता म्हणाला, “सीनियर सिटिझनमा टाक.” सगळी बस हसली. एका आजीने एरंडोलपर्यंत दुरडीला पदराने वारा घातला.

जळगावचे डॉक्टर म्हणजे म्हशीला इंजेक्शन देणारा मजबूत माणूस. पण आबाला त्यांनी दोन बोटांनी असं उचललं जसं कोणी गरम पापड उचलतं. जबडा हलकेच दाबला आणि त्यांचं तोंड बदललं.

“मऊ पडलाय,” म्हणाले. “बघ, दाबला की दबतो. हाडाने असं दबायला नको. दिवा कोणता लावता?”

मी सांगितलं.

“कधीचा आहे?”

मी मावसभावाला तिथूनच फोन लावला. तो आठवत आठवत म्हणाला की पुण्यात लावला होता, दुसऱ्या वर्षाच्या परीक्षेच्या आसपास. डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. “दोन वर्षं तर सहज झाली. अरे, हे दिवे पेटत राहतात. उजेड तेवढाच दिसतो. पण आतलं जे लागतं ते वर्षभरात संपत जातं. तिसऱ्यांदा उकळलेल्या चहापत्तीसारखं. रंग येतो, चहा येत नाही.”

“मग आता?”

“कॅल्शियमचे थेंब देतो. दिवा नवा लाव, चांगला लाव. आणि महिन्याने आण. पाठीचा कणा अजून सरळ आहे, वेळ आहे. पण जबडा असाच राहिला तर तो खाणं सोडेल. खाणं सोडलं की मग माझ्या हातात काही नाही.”

परतीच्या बसमध्ये मी कोणाचाच आवाज काढला नाही.

दुसऱ्या दिवशी दिवा शोधायला निघालो. पहिल्या दुकानात मी म्हटलं, “यूव्हीबीची ट्यूब आहे का?” त्याने डास मारायची निळी मशीन काढली. म्हटलं, “नको, सरड्यासाठी पाहिजे.” तो म्हणाला, “सरडेबी मरतील की याने.” दुसऱ्याने डीजेवाले लावतात तो जांभळा दिवा दाखवला, ज्यात पांढरा शर्ट चमकतो. म्हणाला, “यूव्ही म्हंजे हाच ना? हळदीत नेता का?” तिसऱ्या दुकानात माशांच्या टाकीची ट्यूब होती, चौथ्यात झिरोचा बल्ब, पाचवा दुकानदार मारवाडी काका. ते सगळं शांतपणे ऐकून म्हणाले, “बेटा, जे तुला पाहिजे ते धुळ्यात कोणी मागितलंच नाही आजपर्यंत. ऑनलाइन मागव. आणि आलं की मला दाखवायला आण, मी पण बघतो कृत्रिम ऊन कसं असतं.”

ऑनलाइन तर आणखी घोळ. गोल बल्ब, वेटोळा बल्ब, लांब ट्यूब, पाच टक्के, दहा टक्के, बारा टक्के. मी मावसभावाला धरून बसलो. तो म्हणाला, “गोल नको भावड्या, त्याच्याने एकाच जागी पडतं. लांब ट्यूब घे, कपाटाच्या निम्म्याहून जास्त लांबीची, म्हणजे त्याला पाहिजे तेव्हा उन्हात, पाहिजे तेव्हा सावलीत. पाच टक्केवाली जंगलातल्या प्राण्यांना. आपला वाळवंटातला, दहा-बाराची घे. आणि बसायच्या दगडापासून फार लांब नको, फार जवळ पण नको. जाळीवरून एक दीड वीत धर.”

“कोणाची वीत? माझी का पप्पांची?”

“तुझी. मावसाजींच्या वितीत आबापर्यंत ऊनच पोचणार नाही.”

ट्यूब आली त्या दिवशी पप्पा दुकान लवकर बंद करून आले. तोंडाने “फुकटना खर्चा, जुनी चालू व्हती” चालू होतं, पण हाताने त्यांनी फिटिंग स्वतः केलं. पट्टीचा चोक बदलला, मागे पत्र्याचं चकचकीत पन्हाळं बसवलं म्हणजे उजेड वाया न जाता खालीच पडेल, वायर क्लिपांत ओढून घेतली. गिऱ्हाइकाच्या घरी एवढं नीट करत नाहीत. बटण दाबलं. खोली पांढरीशुभ्र झाली. आबाने एक डोळा उघडला. मम्मीने लांबूनच दिव्याला हात जोडले. आणि आम्ही वाट बघायला लागलो.

एक आठवडा गेला. दुसरा गेला. मी सकाळी थेंब पाजायचो, मम्मी गिलकं आणखी बारीक करायची, मग किसायलाच लागली. आबा दगडाखाली पडून राहायचा. तिसऱ्या आठवड्यात त्याने रातकिडा समोर असून तोंड उघडलं नाही. मम्मीने बोटाने किस त्याच्या ओठाला लावला. त्याने जीभ बाहेर काढली, चाटलं, आणि दमला.

एका हळदीचं बोलावणं आलं, मी नाही म्हटलं. पप्पा जेवताना म्हणाले, “काढ ना काही आवाज, भाकर उतरत नही.” मी मुख्याध्यापक काढायला गेलो. आमच्या भिंतीवर दहावीच्या सेंडऑफचा ग्रुप फोटो आहे, लांबच्या लांब, सगळा वर्ग तीन रांगांत आणि मधोमध मुख्याध्यापक. मागच्या रांगेत मी त्यांच्यासारखंच तोंड करून उभा आहे. मी रोज जाता-येता तो फोटो बघतो. तेव्हाही त्यांच्याकडे बघून सुरू केलं, “शांतता राखा...” आणि पुढे आवाजच निघाला नाही. सरांच्या नाकावर एक माशी बसली होती, तिच्याकडे बघत बसलो.

त्या रविवारी मावसभावाचा व्हिडिओ कॉल आला. “दाखव मला सगळं. एकेक दाखव. आधी आबा.” दाखवला. तो म्हणाला, “आता दगड दाखव. ट्यूब दाखव. लाइट डोळ्यात जातोय, बंद कर. मोबाईल आत घाल आणि खालून वर धर, टॉर्च लाव.”

मी सरकती काच उघडली, मोबाईल आत घातला, टॉर्च लावला, वर धरला.

“कोण रे ते?”

“कोण?”

“वरून कोण टॉर्च मारतंय?”

“कोणीच नाही. मीच मारतोय, खालून.”

“नाही नाही, वर एक टॉर्च दिसतोय मला. आणि तुझी बोटं पण दिसतायत वर. हलव बोटं. हां, ती बघ, हलली. अरे भावड्या, जाळीत तोंड दिसतं का कधी? जाळीवर काय आहे?”

मी स्टूल घेतलं, वर चढलो, पप्पांचं पन्हाळं ट्यूबसकट बाजूला केलं. जाळीवर काच होती. स्वच्छ, पुसलेली, जाळीच्या बरोब्बर मापाची. कडेला चिकटपट्टीसुद्धा लावलेली, बोटाला लागू नये म्हणून.

“काच आहे,” मी म्हटलं.

फोनमधून मावसभाऊ ओरडला, “काढ! काढ आधी! काचेतून यूव्हीबी येत नाही! उजेड येतो, ऊब येते, हे येत नाही! त्याला नवी ट्यूब लावून उपाशी ठेवलंय तुम्ही!”

पप्पा धावत आले. “काच तं आरपार दिसस! मंग कशी अडावस?”

“मावसाजी, आरपार दिसतं ते दिसणारं. हे न दिसणारं आहे, ते काचेतच अडकतं.”

मी काच हातात घेऊन स्टुलावर उभा. स्वयंपाकघराच्या दारात मम्मी. हातात किसणी, किसणीत अर्धं गिलकं. तिचं तोंड बघून मला सगळं कळलं.

“धूय बठी जाई म्हनीसन मीच ठी दिनी,” ती म्हणाली. “नवा दिवा शे. वरतीन पाल फिरस. पाल काही करी टाकी तं? रोज सकायले पुसस मी ती काच. रोज.”

खरंच रोज पुसत होती. आम्ही झोपेत असताना स्टुलावर चढून, एकेकाळी आबाला भिणारी ती बाई, पन्हाळं उचलून काच पुसायची आणि परत ठेवायची. म्हणून ती इतकी स्वच्छ होती की मला महिनाभर दिसली नाही.

“पण मम्मी, एवढी लांब काच आणली कुठून?”

तिने भिंतीकडे बघितलं. दहावीचा ग्रुप फोटो. मी जवळ जाऊन बोट लावलं. बोट थेट मुख्याध्यापकांच्या पोटाला लागलं. रोज बघत होतो मी तो फोटो. काच असताना जे दिसत होतं, तेच काच गेल्यावरही दिसत होतं. मी काय ओळखणार?

पप्पा आधी हसले. मग फोनमध्ये मावसभाऊ, मग मी, आणि शेवटी पदराने डोळे पुसत मम्मी. “सरले उघडा पाडी दिना व माय मी,” म्हणाली, आणि आणखी हसली. मी स्टुलावरूनच मुख्याध्यापक काढले: “कोणी नेली? माझी काच कोणी नेली? उभे राहा! पालकांना घेऊन या!” आवाज निघाला. महिन्याने निघाला.

काच काढल्यावर आबा लगेच काही नाचला नाही. पण चार-पाच दिवसांत दगडाखालून बाहेर आला. मग एकदा दगडावर बसलेला सापडला, ट्यूबखाली, अंग चपटं पसरून, पोळी तव्यावर असते तसा. मग रातकिडा खाल्ला, आणि तो कुरकुर आवाज मम्मीने दारातून ऐकून पप्पांना दुकानात फोन केला: “आबा चावना हो! चावना!” पप्पांनी तो फोन स्पीकरवर ठेवला होता. दुकानातली गिऱ्हाइकं विचारायला लागली, कोणाचे आबा, कोणाला चावले.

आम्ही पुन्हा जळगावला गेलो तेव्हा डॉक्टरांनी जबडा दाबला. पुन्हा दाबला. “घट्ट होतोय,” म्हणाले, आणि म्हशीच्या डॉक्टरने आबाच्या डोक्यावर एक बोट फिरवलं. काचेची गोष्ट मी त्यांना सगळ्या आवाजांत करून दाखवली. बाहेर थांबलेला एक शेतकरी त्याच्या वासरासकट आत येऊन ऐकत उभा राहिला.

आता प्रश्न राहिला, पुढची ट्यूब कधी बदलायची. मावसभाऊ म्हणाला, वर्षाला. पण पप्पांना चालू ट्यूब काढणं म्हणजे पाप. “पेटी राह्यनी तरी काढानी? कसाले?” मी चहापत्ती सांगून बघितली, टक्केवारी सांगितली, काही उपयोग नाही. मग एक दिवस जेवताना मम्मीच म्हणाली, “अहो, आपला वावरमाना सालदार कसा? आखाजीले साल भरस. माणूस धडधाकट ऱ्हास, कामबी करस. तरी आखाजीले त्यानं साल सरनं म्हंजे सरनं. नवं साल, नवी बोली. हाई ट्यूब आबाना सालदार शे.”

पप्पा घास हातात घेऊन थांबले. त्यांचं बालपण वावरातच गेलं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घरात वर्षाच्या बोलीवरचा कोण सालदार राहिला, कोण गेला, यावर रात्रभर चाललेल्या बैठका त्यांनी बघितल्यात. “असं व्हय का,” म्हणाले. “मंग असं सांगानं ना पयले. टक्का टक्का करी राह्यना पोऱ्या.”

मी म्हटलं, “पण पप्पा, ही श्रावणात लावलीय. वर्ष श्रावणात भरेल.”

“श्रावणमा कोनी सालदार बदलस का?” पप्पा म्हणाले, आणि विषय मिटला.

यंदाच्या आखाजीला आमच्याकडे पाहुणे होते. आत्या तिच्या मुलींना घेऊन आलेली, गच्चीवर उडदाचे पापड वाळत होते, घरात आमरसाचा वास. नवी ट्यूब खोक्यात तयार. आबाला सकाळी जाळीच्या टोपलीत घालून गच्चीवर नेलं होतं, पापडांच्या राखणीला. हे काम त्याने स्वतःच पत्करलंय. कावळा आला की तो दाढी काळी करून फुगवतो आणि कावळा परत जातो. समोरच्या गच्चीवरच्या काकू ओरडून विचारतात, “तुमचा आबा आमच्याकडे पण पाठवा ना दुपारून!”

दुपारी आबा खाली आला. पप्पांनी स्टूल मांडलं. जुनी ट्यूब अजून झगझगीत पेटत होती. ती बंद केली, उतरवली, पंचाने पुसली, आणि मम्मीने तिला कुंकवाचं बोट लावलं. “चांगलं काम करं तू,” असं ट्यूबला म्हणाली. ती आता आमच्या जिन्यात आहे, साध्या उजेडाचं काम करते.

मग नव्या ट्यूबचं खोकं उघडलं. मम्मीने ते माझ्या हातातून ओढूनच घेतलं. पुठ्ठा काढला, फोम काढला, पातळ प्लास्टिक सोललं, मग ट्यूब उजेडात धरून आडवी-उभी फिरवून बघायला लागली. “आजून काही चिकटेल तं नही ना?” पप्पांना विचारलं. मग मला विचारलं. मग जाळीवर हात फिरवून बघितला, दोनदा.

पप्पांनी बटण दाबलं. आबा दगडावर बसला होता. त्याने एक डोळा वर केला, दाढी थोडी फुगवली, आणि मान हलवायला लागला, वर-खाली, वर-खाली, जोरजोरात.

आत्याच्या मुली किंचाळल्या. पप्पा स्टुलावरून म्हणाले, “सालदार पसंत पडना.”